बातमीतला अज्ञात कर्ता

मराठीत ज्याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो, त्याला उर्दू व्याकरणात 'फेल-ए-मजहूल' अशी संज्ञा आहे. मजहूल म्हणजे अज्ञात. क्रिया कळते, करणारा कळत नाही. पॅलेस्टाईन-इस्रायल संघर्षाच्या बातम्या वाचताना ही संज्ञा फार उपयोगी पडते.

११ मे २०२२ रोजी जेनिन येथे 'अल जझीरा'च्या ज्येष्ठ वार्ताहर शिरीन अबू अक्लेह गोळी लागून ठार झाल्या. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका मथळ्यात त्यांचे ५१व्या वर्षी निधन झाल्याचे म्हटले. गोळी कोणाची, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. पण गोळी लागली याबद्दल वाद नव्हता. मथळ्यात कर्ताही नव्हता आणि गोळीही नव्हती. जूनमध्ये याच पत्राने तपास करून गोळी इस्रायली लष्करी ताफ्याच्या जवळून आल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, हेही नमूद केले पाहिजे. सप्टेंबरात इस्रायली लष्कराने ती आपल्या सैनिकाकडून चुकून लागल्याची दाट शक्यता मान्य केली.

ग्रेग फिलो व माइक बेरी यांचा 'बॅड न्यूज फ्रॉम इस्रायल' (२००४) हा ग्रंथ या प्रश्नाचा व्यापक अभ्यास आहे. २००० साली दुसरा इंतिफादा सुरू झाला, तेव्हाच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी बातम्यांच्या साडेतीन हजारांहून अधिक ओळी त्यांनी तपासल्या. संघर्षाचा इतिहास सांगणाऱ्या ओळी अवघ्या १७ निघाल्या. 'हत्याकांड', 'निर्घृण खून' यांसारखे शब्द इस्रायली मृतांच्या वाट्याला आले, पॅलेस्टिनींच्या नाही. भूभाग कोणी व्यापला आहे हेच अनेक प्रेक्षकांना सांगता येईना. काहींना तर पॅलेस्टिनीच व्यापणारे वाटले. ओळी मोजून संपादकाचा हेतू सिद्ध होत नाही, ही या पद्धतीची मर्यादा होय. परिणाम मात्र त्यातून स्पष्ट दिसतो.

हीच कसोटी आपल्या भाषांनाही लावली पाहिजे. मराठीत 'ठार झाले' हे वाक्य रूपाने कर्तरी. पण मारणारा त्यात नसतोच. उर्दू पत्रांत पॅलेस्टिनी 'शहीद' होतात आणि इस्रायली 'हलाक'. 'शहीद' शब्दात आदर आहे, परंतु मारणाऱ्याचे नाव त्यातही येत नाही. शिवाय दोन मृतांसाठी दोन शब्द योजले की ब्रिटिश वाहिन्यांना दिलेला दोष आपल्यालाही लागू होतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास व त्याच्या साथीदारांनी सुमारे १२०० माणसे मारली; त्यानंतर इस्रायली लष्कराने गाझात हजारो मुले मारली. ही दोन्ही वाक्ये कर्त्यासह लिहिता आली पाहिजेत.

प्रयोग शिकवताना विद्यार्थ्यांपुढे पुस्तकातल्या उदाहरणांबरोबर मराठी व उर्दू पत्रांतले चार मथळेही ठेवावेत, आणि प्रत्येकाचा कर्ता विचारावा. उत्तर सापडले नाही, तर बातमी अपुरी आहे असे समजावे.