आपल्याकडे पाठ करून बसलेले आठ बुद्ध

नालासोपाऱ्याच्या स्तूपावर कुणालाही घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'इथे बघायचं काय?' प्रश्न चुकीचा नाही. समोर विटांचं एक टेकाड आहे. फोटो काढला तरी तो कशाचा आहे हे कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात गावकरी या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. म्हणजे टोपल्या विणणाऱ्यांच्या राजाचा किल्ला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे आले आणि त्यांना त्याच विटांमध्ये स्तूप दिसला. डोळे दोघांचे सारखेच होते. फरक आधी काय पाहिलंय, काय ऐकलंय याचा होता. चित्राचा अर्थ आपण असाच लावतो, अर्धा समोरच्या वस्तूतून आणि अर्धा स्वतःच्या साठ्यातून.

मला मात्र खरा पेच पडला तो त्या टेकाडाच्या पोटात जे सापडलं त्याने. मधोमध दगडी करंडक. त्यात तांब्याचा डबा, आणि मग एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले, असा इंद्रजींचा निष्कर्ष. तांब्याच्या डब्याभोवती कडं करून आठ छोट्या ब्राँझमूर्ती बसवलेल्या होत्या, वीतभरही उंच नसलेल्या. सगळ्यांची तोंडं आत, डब्याकडे.

या मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. मी त्या पहिल्यांदा फोनवर पाहिल्या, एका ओळीत मांडलेल्या, आपल्याकडे तोंड केलेल्या, शाळेच्या ग्रुप फोटोसारख्या. फोटो स्वच्छ होता. मी झूम करून हातांच्या मुद्रा पाहिल्या, मुकुट घातलेला मैत्रेय ओळखला आणि समाधानाने पुढे स्क्रोल केलं. मूर्ती मुळात कशा बसवल्या होत्या ते मी नंतर वाचलं, तेव्हा लक्षात आलं की मी माणसं ओळखली होती, चित्र पाहिलंच नव्हतं.

तशा मांडणीचा फायदा नाकारता येणार नाही. मुद्रा, बोधिवृक्ष अशा खुणा वाचल्याशिवाय हे सात मानुषी बुद्ध आणि आठवा येणारा मैत्रेय, हे कळलंच नसतं. ओळख पटवायला मूर्ती आपल्याकडे वळवावीच लागते. पण ओळख म्हणजे अर्थ नव्हे. इथला अर्थ एकेका चेहऱ्यात नाही, त्या कड्यात आहे. होऊन गेलेले सात आणि अजून यायचा असलेला एक, असे आठही जण फुटक्या मातीच्या तेरा तुकड्यांकडे बघत बसलेत. ओळीत उभे केले की हे वाक्यच मोडतं, फक्त शब्द उरतात.

आपल्याला दर्शनाची सवय आहे. आपण देवाला पाहायचं, देवाने आपल्याला. देवघरातले टाकसुद्धा आपल्याकडे तोंड करून असतात. सोपाऱ्याच्या मूर्ती या हिशेबात बसत नाहीत. अभ्यासक त्यांना आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. आतले डबे त्याहून कित्येक शतकं जुने, सोबत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. म्हणजे कुणीतरी बंद स्तूप पुन्हा उघडला, या मूर्ती आत बसवल्या आणि पुन्हा मिटवला. यापुढे त्या कुणालाही दिसणार नाहीत हे माहीत असूनही मैत्रेयाच्या मुकुटात, दागिन्यांत कसर ठेवलेली नाही. त्या बघितल्या जाण्यासाठी नव्हत्याच. त्या बघण्यासाठी होत्या.

मागच्या बुद्धपौर्णिमेला मित्राच्या आजीबरोबर स्तूपावर गेलो होतो. त्यांनी त्या मूर्तींचा फोटोही पाहिलेला नाही. त्यांनी फूल ठेवलं, टेकाडाला प्रदक्षिणा घातली आणि मध्याकडे तोंड करून हात जोडून उभ्या राहिल्या. मी फोन काढून कुठला अँगल बरा दिसेल ते शोधत होतो. त्या आठ जणांसारखं त्या दिवशी फक्त आजी उभ्या होत्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या मूर्तींचा एक तरी फोटो, एखादी तरी मांडणी अशी हवी, ज्यात त्या पुन्हा कडं करून बसलेल्या असतील आणि आपल्याला काही जणांची पाठच दिसेल. चेहरे ओळखायला दुसरे फोटो आहेतच.