एका वाक्यात उरकलेला शोध

‘पॉवेल यांनी १९४७ मध्ये पायॉन शोधला.’ बहुतेक पुस्तके इथेच थांबतात. वाक्य खोटे नाही, पण आम्हाला ते खटकते. विद्युतभारित कण इमल्शनमधून गेला, की काच डेव्हलप केल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा माग काळ्या ठिपक्यांच्या रांगेसारखा दिसतो. अशाच मागांवरून देवेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग परिसरात ठेवलेल्या काचा तपासून १९४१-४२ मध्येच मेसॉनचे वस्तुमान अजमावले होते. युद्धकाळात त्यांना अधिक संवेदनक्षम काचा मिळाल्या नाहीत. पॉवेल यांच्या गटाला युद्धानंतर त्या मिळाल्या; पायॉन थांबला आणि त्यातून म्यूऑन निघाला, हे त्यांवर स्पष्ट दिसले. म्यूऑनचा तो माग जेमतेम ०.६ मिलिमीटरचा! त्याचे चित्र आम्ही चाळलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हते. पॉवेल यांचे छायाचित्र मात्र होते.