हा शब्द कोणाचा? छोटा धंदा आणि एआय सहायक

आयोजकांनी विषय दिला तो असा: छोट्या उद्योजकांनी आपली रोजची कामं एआय सहायकाकडे सोपवावीत का? मी हो म्हटलं आणि घरी येऊन सांगितलं, तर आमच्या घरातून प्रतिक्रिया आली, "तुम्ही जन्मात पाच रुपयांची वस्तू विकलेली नाही." (हशा) खरं आहे. पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्याला गिऱ्हाईक कुठून असणार? पण मी दुकानदाराचा मुलगा आहे. तालुक्याच्या गावी वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं, आणि संध्याकाळी रोजकीर्द लिहिणाऱ्या दिवाणजींच्या शेजारी बसून मी अंक शिकलो. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

आधी, मी ज्याच्यावर टीका करणार आहे ते म्हणणं काय, ते नीट मांडलं पाहिजे. म्हणणं असं: मालकाचा वेळ मोलाचा आहे. त्यानं मोठे निर्णय घ्यावेत. निरोपांना उत्तरं देणं, बिलं पाठवणं, उधारीची आठवण करून देणं, ऑर्डर कुठवर आली ते सांगणं ही बारीकसारीक कामं आहेत, ती यंत्राला द्यावीत. ऐकायला अगदी रास्त वाटतं. आणि ज्या त्रासातून हे म्हणणं येतं तो त्रास खोटा नाही.

माझी भाची सांगलीला असते. भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया असा तिचा उद्योग. दोन बायका मदतीला. दिवसभर भाजणं, दळणं, पॅकिंग. रात्री जेवणं झाली की मोबाइल घेऊन बसायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर साठ-सत्तर निरोप. "ताई, पार्सल निघालं का?" "ताई, अर्धा किलो मिळेल का?" "ताई, फार तिखट नाही ना?" त्यात दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी. रात्रीचा एक वाजायचा. हिला कोणी सांगितलं की हे सगळं यंत्र करील, तू झोप, तर तिनं झोपू नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मी स्वतः दुपारी दोन तास झोपतो. (हशा)

तिनं सहायक घेतला. पदार्थांची यादी, साहित्य, दर, कुरिअरचे नियम, सगळं त्याला भरवलं. महिनाभर उत्तम चाललं. मग एका रात्री साडेअकराच्या सुमारास एका बाईंचा निरोप आला: तुमच्या भाजणीत गहू आहे का? नातवाला गहू चालत नाही, डॉक्टरांनी पूर्ण बंद केलाय. काही सेकंदांत उत्तर गेलं: "नाही ताई, आमच्या भाजणीत गहू नाही. निर्धास्त राहा." पुढे हात जोडल्याचं चित्र.

आता इथे बसलेल्या बायकांना सांगायला नको. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी यांच्याबरोबर बहुतेक घरांत गहू असतोच. भाचीच्या भाजणीत आहे. गहू नाही तो उपवासाच्या भाजणीत. ती साबुदाणा, वरी, राजगिरा यांची. यंत्राकडे दोन्ही याद्या होत्या. त्यानं एकीचं उत्तर दुसरीला दिलं. ज्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे त्याच्या आतड्याला गव्हातल्या ग्लुटेननं इजा होते. चवीपुरता गहूही चालत नाही. सुदैवानं भाची सकाळी उठून रात्रीचे निरोप चाळत होती, तिला ते दिसलं. पार्सल निघालेलं नव्हतं. तिनं फोन केला, माफी मागितली. बाई म्हणाल्या, "अहो, पण तुम्हीच तर लिहिलंत." त्यावर भाचीला काय बोलावं सुचेना. "मी नाही लिहिलं" हे खरं होतं, आणि ते म्हणणं शक्य नव्हतं.

मला पुढचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर द्यायचं आहे. तुम्हीच तर लिहिलंत.

यंत्र चुकलं, हा मुद्दा तसा लहान. माणसंही चुकतात. मदतनीस मुलीनं हेच उत्तर दिलं असतं तर? असं कोणीही विचारील. पण त्या उत्तरात दोन वाक्यं होती. "गहू नाही" ही माहिती झाली, चुकीची माहिती. "निर्धास्त राहा" हे वेगळंच काही आहे. एखाद्याला निर्धास्त राहा म्हणायचं म्हणजे त्याची धास्ती आपण घ्यायची. आता तू काळजी करू नकोस, काळजी करायला मी आहे. त्या रात्री ही काळजी कोणी घेतली? बाईंनी सोडून दिली, भाची झोपली होती, आणि यंत्राला काळजी नावाची गोष्ट करता येते असं त्याच्या बनवणाऱ्यांनाही ठामपणे म्हणता येणार नाही. म्हणजे तेवढे सात-आठ तास ती काळजी कोणाकडेच नव्हती.

आपल्याकडे न्यायशास्त्रानं ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं. पण कोणीही सांगितलेलं नव्हे, आप्तानं सांगितलेलं. (मागच्या व्याख्यानाचं शब्दांकन यंत्रानं केलं होतं, त्यात प्रत्येक ठिकाणी 'आप्त'चे 'आपटे' झाले. आपटे सांगतील तेच प्रमाण! या वेळी संपादकांनी स्वतः बघावं ही विनंती.) हा आप्त कोण? नात्यातला नव्हे. न्यायसूत्रांवर भाष्य करणारे वात्स्यायन सांगतात, त्याचा मथितार्थ असा: ज्यानं ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असं ते म्हणतात, आणि सगळ्यांचे व्यवहार याच आधारावर चालतात. व्यवहार हा शब्द त्यांनी दुकानदारीपुरता वापरलेला नाही, पण दुकानदारी त्यात येतेच.

बघा, किती उदार व्याख्या आहे. जात नाही, भाषा नाही, पदवी नाही. यंत्राला बाहेर ठेवण्याचा त्यांचा काही हेतू असणं शक्यच नव्हतं. तरी यंत्र दोन्ही अटींवर अडतं. भाजणीत गहू आहे हे भाचीनं स्वतः भाजून जाणलंय. यंत्राकडे गहू या शब्दाच्या आसपास येणारे शब्द आहेत. दुसरी अट अधिक महत्त्वाची, सांगण्याची इच्छा. त्या बाईंना खरं कळावं अशी इच्छा त्या उत्तरामागे कोणाची होती?

यावर तरुण मंडळी म्हणतात, सर, पण बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं ना? येतं. मग त्याला शब्द म्हणू नका, अनुमान म्हणा. तराजूवर आपण विश्वास ठेवतो तो तराजू आप्त आहे म्हणून नाही. तो तपासलेला असतो, त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, म्हणून आपण अनुमान करतो की वजन बरोबर असावं. चाललं. यंत्रही तसं वापरता येईल. पण तराजू "निर्धास्त राहा ताई" म्हणत नाही. इथे गफलत आहे ती साधनाला मालकाच्या आवाजात बोलायला लावण्याची.

यंत्राला अख्खं दुकानच चालवायला दिलं तर काय होतं, याचा प्रयोग झालेला आहे, आणि तो यंत्र बनवणाऱ्यांनीच केला, म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. अ‍ॅन्थ्रोपिक या कंपनीनं २०२५ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या कार्यालयात एक छोटं दुकान आपल्या क्लॉड या यंत्राला महिनाभर चालवायला दिलं. एक फ्रिज, काही टोपल्या. माल मागवणं, दर ठरवणं, गिऱ्हाइकांशी बोलणं त्यानं करायचं. त्यानं काय केलं? कर्मचाऱ्यांना सवलत दिली, आणि गिऱ्हाईक जवळजवळ सगळे कर्मचारीच! टंगस्टन धातूचे ठोकळे खरेदीपेक्षा कमी भावात विकले. गिऱ्हाइकांना पैसे भरायला काही काळ अस्तित्वातच नसलेलं खातं दिलं. आणि एकदा तर, मी निळा कोट आणि लाल टाय घालून स्वतः माल पोचवायला येतो, असं कळवलं. (हशा) हसू नका, मला यातलं हे सगळ्यात गंभीर वाटतं. दुकानदार 'मी स्वतः येतो' म्हणतो तेव्हा पाय त्याचे असतात. कंपनीनं लिहून टाकलं की या यंत्राला आम्ही कामावर ठेवलं नसतं. पुढच्या टप्प्यात काम पुष्कळ सुधारलं, हेही त्यांनीच सांगितलं, आणि ते सुधारत जाईल याबद्दल मला शंका नाही. तोटा भरून निघेल. येणारं कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहील.

मोठ्या कंपन्यांना हा प्रश्न कोर्टाच्या भाषेत भेटला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं २०२२ साली, आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं की शोकप्रसंगीची सवलत प्रवासानंतरही मागता येते. कंपनीचा नियम उलट होता. पैसे नाकारले गेले, प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं. तिथे कंपनीच्या बाजूनं जो युक्तिवाद झाला त्याचा अर्थ असा निघत होता की चॅटबॉट ही वेगळी व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला ती जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं ते फेटाळलं आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. एअर कॅनडाला ती रक्कम म्हणजे चहापाणी. भाचीच्या पाठीशी वकील नाहीत, आणि तिचं नुकसान झालं असतं ते पैशांत मोजता येणारं नव्हतं.

आता दिवाणजींकडे येतो. कोणी म्हणेल, तुमचे वडील तरी सगळं स्वतः कुठे करत होते? नव्हते करत. खतावणी दिवाणजींच्या हातात, तगाद्याची पत्रं दिवाणजींच्या अक्षरात. काम सोपवणं ही काही नवी गोष्ट नाही. पण दिवाणजी त्याच गावात राहत. चुकीचा निरोप गेला तर दुसऱ्या दिवशी देवळात त्यांना त्या माणसासमोर उभं राहावं लागे. त्यांची स्वतःची अब्रू दुकानाच्या शब्दाला तारण होती. म्हणून ते अडले की बोटांत पेन्सिल फिरवत म्हणत, "हे मालकांना विचारून सांगतो." हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. यंत्रालाही तसं बोलायला शिकवता येतं, मला ठाऊक आहे. पण कुठे अडायचं हे दिवाणजींना भीतीनं कळायचं, लाजेनं कळायचं. यंत्राला ते आपण आधीच यादी करून द्यायचं, आणि गव्हाचा प्रश्न यादीत असेल असं भाचीला तरी कुठे सुचलं होतं?

म्हणून मला 'मोठे निर्णय मालकाचे, बारीक कामं यंत्राची' ही वाटणीच चुकीची वाटते. काम लहान की मोठं यावर काही ठरत नाही. वसुलीचंच घ्या. भाचीचा माल एका मोठ्या दुकानसाखळीत जातो. त्यांच्याकडून पैसे वेळेवर येत नाहीत. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. हे पत्र यंत्रानं लिहावं! न लाजता, दर आठवड्याला, कलमासकट लिहावं. भाचीला ते लिहायचा संकोच वाटायचा, यंत्राला वाटत नाही, आणि समोरही कोणी माणूस वाचत नाही, त्यांचंही यंत्रच वाचत असेल. रक्कम मोठी, पण काम खुशाल द्यावं असं. उलट गल्लीतल्या एका काकांकडे साडेचारशे रुपये राहिले होते. त्यांना तिसरी आठवण गेली, तेव्हा काकू जाऊन दहा दिवस झाले होते. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. भाचीच्या नावानं आलेल्या त्या निरोपात "कृपया दुर्लक्ष करू नये" असं होतं.

हे मी तिला बोलून दाखवलं तेव्हा ती चिडली. "मामा, तुम्हाला काय जातंय बोलायला! साठ निरोपांना मी माझ्या तोंडानं उत्तरं द्यायची, तर धंदा बंद करू का?" तिचं बरोबर होतं. आप्त व्हायलाही वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात. हे न्यायशास्त्राच्या वर्गात मी कधी शिकवलं नाही. ज्याच्याकडे दोन माणसं आहेत त्याला वीस माणसांच्या वेगानं उत्तर दे म्हणून बाजार सांगतो, आणि मग ते जमवून देणारं यंत्रही बाजारच विकतो. गिऱ्हाईकही त्यात आहेच. रात्री साडेअकराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सकाळी आलं तर चालेल, एवढी सवड आपण तिला देतो का? मीच परवा एका पुस्तकवाल्याला रात्री निरोप पाठवून पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रश्नचिन्ह पाठवलं.

सध्या तिची व्यवस्था अशी आहे. पार्सल, दर, वेळा यांची उत्तरं यंत्र परस्पर देतं, खाली 'हे उत्तर यंत्राचं आहे' असं लिहून. पदार्थात काय आहे, कोणाला चालेल, हे विचारलं की फक्त "सकाळी दहानंतर मी स्वतः फोन करते" एवढाच निरोप जातो, आणि ती करते. गल्लीतली उधारी वहीत परत आली. बाकी उत्तरांचे मसुदे यंत्र लिहून ठेवतं, ती वाचते आणि पाठवते. आता साडेअकराला झोपते. या शेवटच्या भागाबद्दल मी फारसा निश्चिंत नाही. चाळीस मसुदे, डोळ्यांवर झोप, आणि अंगठा बटणावर. मी विचारलं, "सगळे वाचतेस ना? की नुसतं दाबतेस?"

म्हणाली, "बहुतेक वेळा वाचते, मामा."

थांबतो इथे. त्या उजवीकडच्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे, माइक तिकडे द्या.