स्वप्नाची नोंद आणि स्वप्नातील जाणीव : तुकारामांच्या गुरूपदेशाच्या अभंगाच्या संदर्भात

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे, या अवस्थेला फ्रेडरिक व्हान ईडन यांनी १९१३ मध्ये नाव दिले. तिला मराठीत ‘सजग स्वप्न’ म्हणता येईल. स्टीफन लाबर्ज यांनी तिच्या सरावात स्वप्नांच्या रोजनिशीला पायाभूत स्थान दिले. नोंदीमुळे स्मरण वाढते, वारंवार येणाऱ्या खुणा ओळखू येतात. तथापि केवळ नोंदीने सजगता येतेच असे नाही.

हा भेद तुकारामांच्या गुरूपदेशाच्या अभंगात स्पष्ट दिसतो. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, गंगास्नानाची वाट, मस्तकावरील हात, भोजनासाठी मागितलेले पावशेर तूप. एवढा नेमका तपशील रोजनिशीतच शोभावा. तूप देण्याचा विसर पडल्याचेही अभंग सांगतो, आणि तो विसर स्वप्नातलाच आहे. मात्र स्वप्नातील तुकारामांना आपण स्वप्नात असल्याचे भान नाही. ‘स्वप्न’ हा शब्द जागृत कवीचा आहे.

बहिणाबाई (१६२८–१७००) यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांतही तुकारामांनी स्वप्नात केलेला अनुग्रह असाच नोंदला आहे. सजग स्वप्नात द्रष्ट्याची इच्छा प्रभावी ठरू शकते. येथे मात्र कृपा स्वतःच्या इच्छेने घडवलेली नाही, यातच तिचे प्रामाण्य आहे. त्यामुळे या रचनांना सजग स्वप्नाचे पुरावे मानणे उचित नाही. त्या प्रामाणिक स्वप्ननोंदी आहेत, आणि विसरलेले तूप हीच त्या प्रामाणिकपणाची खूण होय.