लेसरने जंगल तोलता येते का?

मंडळी, विमानातून लेसरची स्पंदने सोडतात. पानांना, फांद्यांना, जमिनीला लागून ती परततात. लागलेल्या वेळेवरून झाडांची उंची काढतात. या लायडारमुळे जंगलाची रचना फार छान कळते, त्यात वाद नाही. आमचा आक्षेप पुढच्या वाक्यावर आहे: ‘जैवभार मोजला’. अहो, मोजला तो वेळ! भार अनुमानाने आला. अनुमान वाईट नसते. नैयायिकही धुरावरून अग्नी सांगतो. पण त्याने दोन्ही आधी स्वयंपाकघरात एकत्र पाहिलेले असतात. इथले स्वयंपाकघर म्हणजे जमिनीवरची नमुना-क्षेत्रे: खोडांचे घेर, लाकडाची घनता, आणि कुठेतरी खरोखर तोडून वजन केलेली काही झाडे. ती कुठल्या जंगलातली, हे विचारायलाच हवे.

आपल्या चेंबूरहून माहुलच्या खाडीकडे बघा. बुटकी तिवरं वरून हलकीच दिसणार. पण खारफुटीतला बहुतेक कार्बन चिखलात असतो, आणि लेसर काही चिखलाखाली जात नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार खारफुटीची झाडे तोडायला परवानगी दिली. तेव्हा चर्चा झाडांच्या संख्येची होती. उद्या ती टनांत होईल, नि टन जास्त शास्त्रीय वाटतील. त्या टनांत चिखल धरलाय का? प्रत्येक आकड्याशेजारी चुकीची मर्यादा आणि नमुना-क्षेत्राचे ठिकाण छापा, एवढेच आम्ही मागतो.