टीकाकार आणि उपाध्यक्ष : धनंजयराव गाडगीळ

प्रा. धनंजयराव गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या पाठीशी चार दशकांचे संशोधन होते. त्याचप्रमाणे, ज्या मंडळाची सूत्रे त्यांनी स्वीकारली त्याच्याच कार्यपद्धतीवर केलेली कठोर टीकाही होती. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील १९२४ चा ग्रंथ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालकत्व, प्रवरेकाठच्या सहकारी साखर कारखान्यातील कार्य या गोष्टी सुपरिचित आहेत. विचार करावयाचा तो एवढाच की, टीकाकाराने अधिकारपदावर आपल्या टीकेचे काय केले?

किमतींचे नियमन आणि उत्पन्नाचे न्याय्य वाटप यांची चौकट नसेल, तर योजना ही सरकारी खर्चाची यादी होऊन बसते, हा त्यांच्या लेखनाचा गाभा होय. सोवनी यांच्यासह १९४३ मध्ये लिहिलेल्या युद्धकालीन अर्थनीतीवरील ग्रंथापासूनच नियमनाचा हा आग्रह आढळतो. चौथ्या योजनेत (१९६९-७४) ही चौकट उभी राहिली, असे म्हणता येत नाही.

त्यांच्या नावाने रूढ झालेले सूत्र मात्र वेगळ्या मोलाचे आहे. राज्यांना मिळणारे केंद्रीय साहाय्य त्यापूर्वी बरेचसे केंद्राच्या मर्जीवर अवलंबून असे. ते आता नियमाने बांधले गेले. साहाय्यापैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार, आणि दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प, तसेच राज्यांच्या विशेष समस्या यांसाठी प्रत्येकी १० टक्के, अशी ही विभागणी होती. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधीच बाजूस काढल्या होत्या. दरडोई उत्पन्नाचा वाटा राष्ट्रीय सरासरीखालील राज्यांनाच मिळावयाचा होता. पण तो अवघा एक दशांश! विषमतेचा आयुष्यभर विचार केलेल्या अर्थशास्त्रज्ञाच्या नावावर हे प्रमाण खटकते. सर्व मुख्यमंत्र्यांची संमती मिळवावयाची म्हणजे ही किंमत अटळ होती, असा बचाव करता येईल. परंतु १९८० मध्ये तोच वाटा २० टक्के झाला, हे पाहता तो पुरता पटत नाही.

१९६९ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांसाठी क्षेत्रनिहाय जबाबदारीची कल्पना मांडली. तीत जिल्ह्याची पाहणी करणारा जुना संशोधक अधिक स्पष्टपणे ओळखू येतो. पद सोडून पुण्यास परतत असता ३ मे १९७१ रोजी प्रवासातच त्यांचे निधन झाले, आणि त्या चार वर्षांचे परीक्षण त्यांच्या लेखणीतून व्हावयाचे राहून गेले.