प्रदेश जोडला जातो, पण कशाशी?

‘रस्ता आला की प्रदेश जोडला जातो’ हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्यातला प्रश्नच दिसेनासा होतो. जोडला जातो, पण कशाशी? आज कोकणाच्या निमित्ताने हे गृहीतक तपासू.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. कोकणातल्या नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राकडे जातात. जुना व्यापारही याच आडव्या दिशेने चाले. दाभोळचं बंदर, वाशिष्ठीची खाडी, चिपळूण, मग कुंभार्ली घाट आणि वर कऱ्हाड. राजापूरची पेठही अशीच, खाडी आणि घाट यांच्यामध्ये वसलेली.

मुंबई-गोवा महामार्ग आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे उभ्या जातात, या नद्या ओलांडत. सुमारे ७४० किलोमीटरांत नव्वदहून अधिक बोगदे! अभियंत्यांचं कर्तृत्व वादातीतच आहे. पण प्रदेशाची दिशा बदलली. मालवण-वेंगुर्ल्याची बंदरं बाजूला पडली आणि महामार्गावरची कणकवली बाजारपेठ म्हणून वाढली. राजापूर रोड स्टेशन राजापूरपासून बरंच दूर आहे; नावातला ‘रोड’ हेच सांगतो.

कोणी म्हणेल, मुंबईची ओढ काही रेल्वेने आणली नाही. खरं आहे. चाकरमानी त्याआधी बोटीने जातच होता. पण ती बोट बंदराबंदराला थांबत असे. रेल्वेने ती ओढ पक्की केली आणि पूर्वेची वाट मात्र तशीच राहिली. बोरघाटात रेल्वे १८६३ साली चढली. तिथून थेट गोव्याच्या ब्रागांझा घाटापर्यंत मध्ये कुठेही रेल्वे सह्याद्री ओलांडत नाही, आजही.

माझा आक्षेप मोजमापावर आहे. मुंबई ते गोवा किती तासांत, एवढंच आपण विचारतो. या प्रश्नात कोकण म्हणजे पार करायचं अंतर होतं. अंतर ही प्रवाशाची भाषा. तिथे राहणाऱ्यासाठी तो परिसर असतो, त्याचं शेत, बाजार, दवाखाना, सोयरीक असते.

म्हणून पुढच्या महामार्गाचा आराखडा समोर येईल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा. संगमेश्वर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा माल कोल्हापूरच्या बाजारात किती वेळात पोचेल? याचं उत्तर आराखड्यात नसेल, तर कोकण कोणासाठी जोडलं जातंय, हे आधी ठरवून झालेलं आहे असं समजावं.